जपानच्या यात्रावाटा: आधी मुक्काम ठरवा, मग विमान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीतल्या परदेश सहलींच्या जाहिरातींमध्ये हल्ली सातारा-सांगलीकडेही एक नवा मजकूर दिसू लागला आहे. ‘जपानची शरद तीर्थयात्रा: कुमानो, कोयासान, शिकोकू, क्योतो, आठ दिवसांत, लालभडक पानांसह.’ ही चार नावे आठ दिवसांत बसवायची तर यातली एकही वाट पायी होत नाही. बसमधून उतरायचे, फोटो काढायचा आणि पुन्हा बसमध्ये चढायचे, एवढेच उरते. आम्ही या वाटांची माहिती असलेले आणि तिकडे जाणाऱ्यांना आखणीत मदत करणारे सातारकर आहोत. वारीत चालणारे आणि सज्जनगड सहज चढणारे लोक आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांनी तिकडे जरूर जावे, पण एकच वाट निवडून जावे, असे आम्हाला सुचवायचे आहे.

शिकोकूपासून सुरुवात करतो, कारण ते नाव यादीतून सर्वांत आधी काढायला हवे. त्या बेटावरची ८८ मंदिरांची परिक्रमा सुमारे १,२०० किलोमीटरची आहे. पायी तिला चाळीस ते पन्नास दिवस लागतात. तिचा थोडा अनुभव घ्यायचाच असेल तर नारुतो येथील पहिल्या र्योझेन्जी मंदिरापासून दहाव्या मंदिरापर्यंत तीन दिवस चालावे. हा भाग बराचसा सपाट आहे. अकराव्याकडून बाराव्या शोसान्जीकडे जाणाऱ्या चढाला तिथले लोक ‘यात्रेकरूंना गडगडवणारी वाट’ म्हणतात. नवख्यांनी तो चढ सोडून तोकुशिमाला परतावे. वाटेत कोणी संत्रे, चहा किंवा सुटी नाणी हातात ठेवली तर नको म्हणू नये. हे यात्रेकरूला दिलेले दान असते आणि ते नाकारणे उद्धटपणाचे मानतात.

आठ-दहा दिवस हातात असतील तर आमची शिफारस कुमानो या डोंगराळ भागातल्या नाकाहेची या जुन्या यात्रावाटेची आहे, आणि सोबत कोयासान या डोंगरावरच्या मठांच्या गावी एक रात्र. ‘की’ नावाच्या द्वीपकल्पातली ही सगळी स्थळे आणि वाटा २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

आता पानांविषयी. कुमानोच्या डोंगरात दुतर्फा सीडार आणि सायप्रसची उंच झाडे आहेत, त्यांतली बरीच लावलेली. नोव्हेंबरातही ती हिरवीच असतात. लाल पाने बघायला कुमानोत जाणारा निराश होऊन परततो. कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने तिथे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रंग चढतो, तर क्योतोत नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडावा लागतो. २०२६ चे लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्या सुटीत निघणाऱ्याला कोयासान रंगलेले मिळेल, क्योतो बहुधा अर्धेच. सप्टेंबरात मात्र अजिबात जाऊ नये. तो टायफूनचा काळ असतो आणि हे द्वीपकल्प जपानमधल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी आहे. सप्टेंबर २०११ च्या वादळात इथले कडे कोसळले. नाकाहेचीवरच्या इवागामी खिंडीजवळची जुनी वाट तेव्हापासून वळवलेली आहे. तिथे वळणवाटेचा फलक दिसेल तो निमूट पाळावा, जुन्या नकाशावर विसंबू नये.

आमच्या मते सहल फसते ती विमान आधी काढल्यामुळे. नाकाहेचीवर मुक्काम गावागावांतल्या छोट्या घरगुती निवासांत असतो, एकेका ठिकाणी जेमतेम चार-सहा खोल्या. सगळ्यांत अडचणीची जागा म्हणजे कोगुची. शेवटच्या दोन डोंगररांगांच्या मधोमध असलेल्या या गावात मुक्कामाची सोय फार थोडी आहे, त्यातली मोठी एका जुन्या शाळेच्या इमारतीत. तिथे रात्र मिळाली नाही तर पुढची वाट मोडते. म्हणून सहा-सात महिने आधी कोगुचीची तारीख पक्की करावी. तिच्या मागेपुढे वाटेवरच्या होंगू, चिकात्सुयू आणि ताकाहारा या गावांचे मुक्काम बसवावेत आणि विमानाचे तिकीट शेवटी काढावे. ३ आणि २३ नोव्हेंबर या तिथल्या सार्वजनिक सुट्या. त्या शनिवार-रविवारला जोडून आल्या की खोली मिळणे जवळपास अशक्य. या भागातल्या तानाबे शहराची स्थानिक आरक्षण व्यवस्था इंग्रजीत चालते. निवास, डबा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोचवण्याची गाडी या तिन्हींची नोंद तिथे एकत्र करता येते.

शिन-ओसाकाहून ‘कुरोशिओ’ गाडीने तानाबेच्या ‘की-तानाबे’ स्थानकाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तिथून बसने वाट जिथे सुरू होते त्या ताकिजिरीला सुमारे चाळीस मिनिटे. सात दिवसांचा जपान रेल्वे पास ऑक्टोबर २०२३ मध्ये ५०,००० येनांवर गेला. एवढ्या प्रवासासाठी तो घेणे म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय कोयासानला जाणाऱ्या नान्काई रेल्वेवर तो चालतच नाही. रोख रक्कम तानाबेतच काढून ठेवावी. आपली कार्डे टपाल कार्यालयाच्या आणि सेव्हन-इलेव्हनच्या एटीएमवर चालतात, पण डोंगरातल्या बऱ्याच निवासांत पैसे रोखच घेतात.

पहिला दिवस ताकिजिरी ते ताकाहारा, फक्त चार किलोमीटर. आकडा पाहून लोक दुपारी निघतात आणि इथेच दमतात, कारण मंदिरामागून वाट सरळ मुळांवरून आणि दगडांवरून चढते. अडीच तास धरावेत. दुसऱ्या दिवशी चिकात्सुयू, साधारण दहा किलोमीटर, निवांत. तिसरा दिवस लांब आहे. चिकात्सुयूहून होंगूचे मोठे मंदिर पंचवीस किलोमीटरवर आहे आणि चढउतारांसह नऊ तास लागतात. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी लाज न बाळगता होश्शिनमोनपर्यंत बस घ्यावी आणि शेवटचे सात किलोमीटर चालावे. हा तुकडा सर्वांत सोपा, आणि आमच्या मते सर्वांत सुंदरही. चहाची शेते, छोटी गावे आणि उताराची वाट. होंगूचे देऊळ पूर्वी नदीच्या वाळवंटात होते. १८८९ च्या महापुरानंतर ते वरच्या टेकडीवर हलवले. जुन्या जागी आता सुमारे ३४ मीटर उंचीची तोरी, म्हणजे देवळाची कमान, उभी आहे. देवळात दर्शन घेऊन लगेच बस पकडू नये, खाली त्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊन यावे.

चौथ्या दिवशी होंगूजवळच्या उकेगावाहून कोगुची, तेरा किलोमीटर. पाचव्या दिवशी कोगुचीहून नाची, साडेचौदा किलोमीटर, पण या वाटेला जपून असावे. सुरुवातीच्या पाचेक किलोमीटरांत एचिझेन खिंडीपर्यंत सुमारे ८०० मीटर चढायचे असते. सातारा शहरातून अजिंक्यतारा अडीच वेळा सलग चढल्यासारखे. त्यातल्या एका टप्प्याचे नावच ‘कंबरमोड’ अशा अर्थाचे आहे. पायऱ्या शेवाळलेल्या दगडांच्या असतात आणि नोव्हेंबरात त्यांवर ओली पाने साचतात. घसरण्याचे प्रकार चढताना कमी आणि नाचीकडच्या उतारावर जास्त होतात, कारण तोवर मांड्या संपलेल्या असतात आणि मन खालच्या १३३ मीटर उंच धबधब्याकडे धावत असते. कडक तळव्याचे नवे बूट इथे घातक ठरतात. मऊ रबराचे, खोल खाचांचे आणि आधी दोन महिने वापरलेले बूट हवेत. काठ्या दोन घ्याव्यात आणि टोकांना रबरी टोप्या लावाव्यात, नाहीतर जुन्या फरसबंदीला खड्डे पडतात.

नोव्हेंबरच्या मध्यात तिथे सूर्य पाचच्या आत मावळतो आणि दाट झाडीत चारलाच अंधारते. सातला, लांबच्या तिसऱ्या दिवशी त्याहूनही आधी, निघायचे आणि तीनच्या सुमारास मुक्कामी पोचायचे, असा हिशेब ठेवावा. कपाळावरची बॅटरी पिशवीत तळाशी नको, वर हवी. वाटेवर दर ५०० मीटरला क्रमांक लिहिलेले खांब आहेत. अपघात झाल्यास ११९ या आपत्कालीन क्रमांकावर तो क्रमांक सांगितला की मदत नेमकी पोचते. वारीत मैलामैलाला चहा, पाणी आणि हाक मारणारी माणसे असतात. इथे तासन्तास कोणी भेटत नाही आणि दुकानही लागत नाही, त्यामुळे दीड-दोन लिटर पाणी आणि दुपारचा डबा पाठीवरच हवा. ऑक्टोबरपर्यंत मोठ्या गांधीलमाश्या आक्रमक असतात. काळे कपडे आणि उग्र अत्तर टाळावे, आणि माशी घोंगावली तर हात न झटकता हळू मागे सरकावे.

शाकाहारी मंडळींनी ‘व्हेज’ एवढेच सांगून भागत नाही. मासा दिसत नसला तरी बहुतेक सूप, भाजी आणि कालवणात वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो. आरक्षण करतानाच ‘मांस, मासे आणि माशाचा अर्क चालत नाही, कोंबू शेवाळाचा किंवा शिइताके अळंबीचा अर्क चालतो’ असे लेखी कळवावे. संध्याकाळी पोचल्यावर सांगितले तर घरच्या बाईंची पंचाईत होते आणि आपण भात-लोणच्यावर झोपतो. डब्यात ओनिगिरी, म्हणजे सारण भरलेला भाताचा गोळा, मिळते. तिच्यात उमेबोशी (खारवलेले आंबट फळ) किंवा कोंबूचे सारण मागावे. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि सांगलीचे भडंग न्यावे, पण ते वाटेवर खायला, यजमानाच्या जेवणाच्या खोलीत डबे उघडायला नव्हे. ताजी फळे, कढीपत्ता आणि मांसाचे कोणतेही पदार्थ विमानतळावर अडतात. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असलेल्या सर्दी-खोकल्याच्या औषधांवर तिथे निर्बंध आहेत, म्हणून औषधांतील घटक डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत.

कोयासानच्या मठांत ही चिंता बरीच कमी होते. तिथले शोजिन जेवण मांस-माशांशिवाय आणि कांदा-लसणाशिवाय असते. तिळाचे तोफू आणि वाळवलेले कोया-तोफू हे त्यातले खास पदार्थ. सांगलीकडच्या जैन वाचकांना मात्र सावध करतो. या जेवणात कमळकाकडी, मुळा, गाजर, बर्डॉक ही कंदमुळे सर्रास असतात आणि जेलीसारखा कोन्न्याकू तर कंदापासूनच करतात. शिवाय जेवण साडेपाच-सहाला वाढतात, म्हणजे नोव्हेंबरात सूर्यास्तानंतर. कंदमुळे वगळणे आणि ताट लवकर वाढणे या दोन्ही गोष्टी महिनाभर आधी विचाराव्यात. काही मठ मान्य करतात, काही करत नाहीत. सकाळची पूजा सहा-साडेसहाला असते. नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या जवळ जाऊ शकतो आणि खोल्यांच्या भिंती कागदी सरकत्या दारांच्या असतात, तेव्हा लोकरीचे मोजे आणि आतला उबदार थर हवाच.

केबल कारच्या स्थानकावरून गावात जाणारा रस्ता फक्त बससाठी आहे, त्यावर चालू देत नाहीत. चालायचेच असेल तर खालच्या जिसोन-इन मंदिरापासून १८० दगडी खुणांची जुनी चोइशी-मिची वाट आहे. साधारण वीस-बावीस किलोमीटर, पूर्ण दिवस. त्या खुणांवर आणि ओकुनोइनच्या दोन किलोमीटर कबरस्तानातल्या दगडांवर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतली संस्कृत बीजाक्षरे कोरलेली दिसतील. देवनागरी वाचणाऱ्याला त्यांतली काही थोड्या प्रयत्नाने ओळखता येतात. सहसा या गोष्टीकडे कोणी लक्ष वेधत नाही. ओकुनोइनमधल्या गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो काढणे आणि खाणेपिणे बंद. कोयासानहून होंगूला जाणारी कोहेची वाट जवळची वाटते, पण ती सत्तर किलोमीटरच्या घरात आणि हजार मीटरवरच्या खिंडींची आहे. नवख्यांनी तिच्या नादी लागू नये.

बायकांच्या गटांसाठी दोन गोष्टी. कोयासानवर स्त्रियांना पूर्वी बंदी होती, सरकारने १८७२ मध्ये ती उठवली, आता ती नाही. पण याच वारसा क्षेत्रातल्या ओमिने पर्वताच्या सान्जोगाताके शिखरावर अशी बंदी अजूनही पाळली जाते, म्हणून ते नाव कार्यक्रमात दिसले तर विचारणा करावी. दुसरी गोष्ट गोंदणाची. गरम पाण्याच्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत अंगावर गोंदलेले असेल तर प्रवेश देत नाहीत, आणि आपल्याकडच्या वयस्कर बायकांच्या हातावर ते असतेच. होंगूजवळच्या युनोमिने गावातले त्सुबोयू हे छोटे कुंड एका वेळी एकाच कुटुंबाला तीस मिनिटे देतात, तिथे हा प्रश्न येत नाही. सार्वजनिक स्नानगृहांत कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने अंग धुवावे लागते. कपडे घालून सहसा उतरता येत नाही.

सरावासाठी सातारकरांना यवतेश्वर आणि सज्जनगड, सांगलीकरांना दंडोबा पुरेसा आहे. फक्त तो ऑगस्टच्या पावसात, सहा किलोची पिशवी घेऊन आणि लागोपाठ दोन दिवस करावा. पहिल्या दिवसाचे पाय सगळेच मिरवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्या उतरताना काय होते, ते बघायचे असते.

सहल आखणाऱ्यांकडून पैसे भरण्यापूर्वी एक कागद मागून घ्यावा, अशी वाचकांना विनंती. त्यावर रोजचे चालायचे किलोमीटर, एकूण चढ, निघण्याची वेळ, रात्रीच्या निवासाचे नाव आणि पाय दुखावल्यास जवळची बस कुठे मिळेल, हे लिहिलेले असावे. आपल्या पुरवणीतही अशा सहलींविषयी मजकूर छापताना एवढी माहिती सोबत द्यावी.

आपले,
सातारा येथील काही पदयात्री वाचक