विकलेली सोय अपडेटमधून काढून घेण्याचा हक्क कंपनीला कुणी दिला?

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी
केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

आयओएस 18 च्या अपडेटनंतर आयफोन नीट चालत नसल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस काढली. ती माहिती आपणच दिली होती. त्यामुळे हा विषय आपल्याला मुळापासून सांगायला नको. पण अपडेटमध्ये राहिलेली चूक पुढच्या अपडेटने सुधारता येते. कंपनी जाणूनबुजून सोय काढून घेते, तेव्हा ग्राहकाने कुणाचं दार ठोठवायचं?

सोनीने 1 एप्रिल 2010 ला प्लेस्टेशन 3 या गेम खेळण्याच्या यंत्रासाठी 3.21 हे अपडेट दिलं आणि त्यावर लिनक्स ही संगणकाची प्रणाली चालवण्याची सोय बंद केली. ही सोय सोनीनेच गिऱ्हाइकाला देऊ केली होती. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. पैसे दोन्हींचे घेतलेले, आणि आता दोन्हींपैकी एकच ठेवा म्हणायचं, ही सरळसरळ जबरदस्ती आहे.

प्रिंटरचं तर विचारूच नका. आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. जून महिना, दाखल्यांसाठी आणि प्रवेशाच्या फॉर्मसाठी पोरांची रांग, आणि आदल्या रात्रीपर्यंत छान चाललेलं रिफिल कार्ट्रिज प्रिंटर सकाळी ओळखेनाच. लाल दिवा आणि मूळ कार्ट्रिज बसवा असा इंग्रजीतला संदेश. रात्री अपडेट झालं होतं, त्याला कुणी विचारलंही नव्हतं. कंपनीचं नवं कार्ट्रिज आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. रिफिलच्या कितीतरी पट किमतीचं. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने 2020 मध्ये एचपीला 1 कोटी युरोंचा दंड केला, कारण दुसऱ्यांची कार्ट्रिज चालणार नाहीत ही मर्यादा ग्राहकांना नीट सांगितलेली नव्हती. आपल्याकडे मात्र ग्राहक तक्रार घेऊन गेला तर कायद्यात याचं नाव काय, इथूनच सुरुवात.

कधी कारण खरंही असतं, हे मी नाकारत नाही. जानेवारी 2025 मध्ये गुगलने पिक्सेल 4ए ला आपोआप बसणारं अपडेट पाठवलं आणि काही फोनांची बॅटरी एकदम कमी टिकू लागली. हा फोन भारतातही विकला गेला आहे. बॅटरी तापण्याचा धोका असेल तर अपडेट द्यायलाच हवं. पण मग तसं स्पष्ट सांगावं, ग्राहकाच्या भाषेत सांगावं, आणि बॅटरी बदलण्याचा खर्च कंपनीने उचलावा.

युरोपीय संघाने 2019 मध्ये टीव्ही आणि मॉनिटरसाठी केलेल्या नियमांत एक साधी अट आहे. अपडेटनंतर वीजवापर आणि जाहीर केलेले गुण खालावता कामा नयेत. ग्राहकाने आधी स्पष्ट संमती दिली तरच अपवाद. आणि अपडेट नाकारलं म्हणून यंत्राच्या कामात फरक पडता कामा नये. हे दुसरं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण सक्ती तिथेच होते.

नवा कायदा येईपर्यंत थांबायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 18 खाली प्राधिकरणाला मार्गदर्शक सूचना काढता येतात. फसव्या डिझाइनविरुद्ध, म्हणजे डार्क पॅटर्नविरुद्ध, नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांनी 13 प्रकार ठरवून तसं केलंही. तशाच सूचना इथे काढा: सुरक्षेचं अपडेट आणि सोय काढणारं अपडेट एकाच गठ्ठ्यात येऊ नये, सोय काढायची तर आधी मराठीसह भारतीय भाषांत कळवावं, जुन्या आवृत्तीवर परत जाता यावं, आणि तेही शक्य नसेल तर पैसे परत मिळावेत. सुरक्षेच्या धाकाने अपडेट घ्यायचं आणि त्यातच आपली वस्तू अर्धी गमवायची, हे सगळ्यात आधी थांबलं पाहिजे.

सूचनांचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला करावा आणि तो मराठीतही उपलब्ध असावा, एवढी विनंती. गावोगावच्या झेरॉक्सवाल्यांकडे आणि मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आपला,
एक ग्राहक