शहागंजचा बाजार आहे तिथेच राहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वाहतुकीची कोंडी होते म्हणून शहागंजच्या रस्त्यावरचे विक्रेते शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत न्यावेत, असे मत अलीकडे वारंवार कानावर येते. चाळीस वर्षे याच बाजारात भाजी घेणारा माणूस म्हणून मला ते मान्य नाही.

मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली, तेव्हापासून हे शहर ठिकठिकाणांहून आलेल्या माणसांनी घडवले आहे. फुलंब्रीकडून पहाटे मेथीची पाटी घेऊन आलेली मावशी बुरख्यातल्या गिऱ्हाइकाशी दखनीत भाव ठरवते, शेजारी अत्तर-सुरमा मांडून बसलेले चाचा मला ‘या मास्तर’ म्हणून मराठीत हाक मारतात, आणि ज्या हातगाडीवर रमजानमध्ये खजूर आणि शेवया असतात तिच्यावरच दिवाळीत पणत्या दिसतात. ही सरमिसळ कोणी योजून केलेली नाही. रोजच्या देवाणघेवाणीतून ती झाली आहे.

पाटीवरचे गिऱ्हाईक वाटेवरचे असते. नमाजाहून परतणारा, कापड घ्यायला आलेला, एसटी गाठायच्या घाईतला माणूस जाता जाता जुडी उचलतो. त्या जुडीसाठी तो गावाबाहेर जाणार नाही. मोकळ्या मैदानात ओटे मिळतील, पण माल संध्याकाळी सुकून परत जाईल.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली झालेला केंद्राचा कायदा याबाबत स्पष्ट आहे. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येत नाही; नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात व त्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात; आणि जिथे ५० वर्षांहून अधिक काळ विक्री चालली आहे, असे नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाइके परंपरेने जमतात त्या जागा, वारसा बाजार म्हणून जाहीर करावेत, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. शहागंजला हा दर्जा मिळावा, ही माझी मागणी आहे.

कोंडी खरी आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ती सोडवण्याची सुरुवात दुतर्फा उभ्या राहणाऱ्या चारचाकींपासून व्हावी. विक्रेत्यांना पट्टे आखून जागा द्यावी, मालाच्या गाड्यांना सकाळची वेळ ठरवून द्यावी, आणि सर्वांत आधी महिलांसाठी स्वच्छतागृह बांधावे. कारण पहाटे आलेल्या कित्येक बाया दुपारपर्यंत मुद्दाम पाणी पीत नाहीत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर