टाळ्या वाजल्या, बेरीज राहिली

मुलांच्या शैक्षणिक अ‍ॅपविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. रंग, आवाज आणि बक्षिसे यांवरून अ‍ॅपची पारख करावी, हा त्यातील सूर मात्र पटला नाही. मूल स्वतः डोके चालवते, त्याचे लक्ष भरकटत नाही, विषय त्याच्या अनुभवाशी जुळतो आणि कुणाशी तरी संवाद घडतो, तेव्हा शिकणे होते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅथी हर्श-पासेक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्येच मांडले आहे. माझी पाच वर्षांची नात बेरजेच्या खेळात चारही पर्यायांवर ओळीने बोट टेकवते. बरोबर आकडा लागला की टाळ्या वाजतात, चांदणी मिळते, बेरीज तशीच राहते. चुकल्यावर थांबून ठिपके मोजायला लावणे रचनाकारांना अवघड नाही. पण त्याने खेळ मंदावतो आणि बहुधा तेच त्यांना नको असते.

– एक वाचक