सुया, इंजेक्शन आणि मे महिना

पुणे, १२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सुयांनी फरक पडतोय ना, मग ती इंजेक्शनं कधी बंद करायची?" आई शेजारीच होती, म्हणून मी विषय बदलला. आता नीट सांगते.

एमएससाठी (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) ॲक्युपंक्चरला जाऊन तीन महिने होतील. सुई केसासारखी बारीक, नवं पाकीट माझ्यासमोर फोडतात. गुडघ्याखाली चार बोटांवर ती गेली की दुखत नाही, पण पाय आतून जड होतो, ओली गोधडी टाकल्यासारखा. वीस मिनिटांनी सुया मोजून काढतात. मीही मोजते. डावं पाऊल बधिर आहे, एखादी राहून गेली तर मला घरी चप्पल काढतानाच कळायची!

फरक आहे तो संध्याकाळचा. पूर्वी चारनंतर भाकरी थापायलाही हात उचलायचा नाही, आता आठवड्यातले चार दिवस थापते. रात्री पोटऱ्या कमी आखडतात. डॉक्टरांकडे चौपन्न प्रश्नांचा फॉर्म असतो, त्यात 'सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतं का' असंही विचारतात. यंदा पहिल्यांदा 'बऱ्याचदा' वर खूण केली. पण पाऊल बधिर ते बधिरच, आणि लघवीची घाईही तशीच. हा गुण सुयांचा की वीस मिनिटं फोन बंद ठेवून पडण्याचा, देव जाणे. खोट्या सुया लावून केलेल्या चाचण्यांतही लोकांना बरं वाटलेलं आहे. मला चालतं.

इंजेक्शन मात्र बंद होणार नाही. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं वेष्टन कुरतडते. ते काम इंजेक्शन रोखून धरतं. सुया ते रोखतात असं कुणी दाखवलेलं नाही.

आणि 'आपल्या कोटणीसांची विद्या' म्हणता, तर एक दुरुस्ती. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९४२ लाच चीनमध्ये वारले. ॲक्युपंक्चर भारतात आणलं ते १९३८ ला त्यांच्यासोबत चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसूंनी, पुष्कळ नंतर, कलकत्त्याला. सोलापूरचा मान तेवढा अर्धाच.

आई, मे महिन्यात येत नाही म्हणून रुसू नकोस. गेल्या वर्षी अंगणात सडा मारताना उजव्या डोळ्यापुढे धुकं आलं आणि तू मीठमोहऱ्या ओवाळल्यास, आठवतं? कूलरसमोर बसल्यावर ते गेलं. अंग तापलं की सोललेल्या नसांतून निरोप अडखळतो, गार झालं की पूर्ववत. १८९० मध्ये एका जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरने हे लिहून ठेवलंय. दृष्ट नव्हती ती. तरी ओवाळलंस ते बरं वाटलं.

हुरड्याला येते, चांगली आठ दिवस. शेंगाचटणी मात्र आत्ताच धाडा, इथली गोड असते.

तुमची,
चिमी