दुसरा हात

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात आशीर्वाद.

अंथरुणाला खिळलेल्या त्या आजीबाईंच्या सेवेत कुणाची मदत घे म्हटलं, तर काल "माझं मी बघते" म्हणालीस आणि फोन ठेवलास. रात्रभर तेच डोक्यात आहे. भांडण वाढवायचं नाही, म्हणून लिहिते आहे.

त्या आजीबाईंना एकटीने ओढून वर सरकवू नकोस. ओढलं की कातडी चादरीला धरून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. अंगाखाली आडवी दुहेरी चादर घालायची, दोघींनी दोन्ही कडा गुंडाळून घट्ट धरायच्या आणि एकदमच उचलून सरकवायचं. दर 2 तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नको, पाठीला उशी देऊन 30 अंश कलतं ठेव. गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघ. लाल डाग बोटाने दाबून फिका पडला नाही, तर व्रण सुरू झाला समज. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा टणक लागतं का ते हाताने पाहा. चोळू मात्र नकोस; भार काढ आणि नर्सला दाखव.

2 तासांनी म्हणजे दिवसरात्र मिळून 12 वेळा. एकटी किती दिवस पुरशील? काल हेच म्हणायचं होतं.

बायबलमध्ये इथ्रोनेही आपल्या जावयाला, मोशेला, सांगितलं होतं, लोकांचा न्याय करण्याचं हे काम तुला एकट्याला झेपणार नाही (निर्गम 18). यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीत हयगय झाली, तेव्हा त्या कामासाठी सात जण निवडले गेले (प्रेषितांची कृत्ये 6). एकावर टाकलं नाही.

पुन्हा उपदेश झाला. माफ कर.

पण योहान 13 वाचताना प्रभूच्या शिष्यापाशी, पेत्रापाशी थांब. प्रभू कमरेला रुमाल बांधून गंगाळ घेऊन शिष्यांचे पाय धुवायला येतो आणि पेत्र आपले पाय धुऊ देत नाही. लोक त्याला नम्रता म्हणतात, मला तो हट्ट वाटतो. लहानपणी बुटाची नाडी सुटली तरी तू कुणाला हात लावू द्यायची नाहीस, तसाच.

आजीबाईंचे पाय धुताना आधी "धुऊ का?" विचार, पडदा ओढ. पाणी कोमट, आपल्या कोपराने तपासून. मधुमेहात पायांची जाणीव गेलेली असली तर चटका बसलेला कळत नाही, आणि फार वेळ भिजवलेली कातडी फाटते. बोटांमधल्या बेचक्या टिपून कोरड्या कर. तेल टाचांना लाव, बेचक्यांत नको. फोटो कुणालाही काढू देऊ नकोस. तू काढणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. त्याचा अभिमान आहे.

पाळकबाई म्हणाल्या, मंडळीतल्या तिघी रात्रपाळीला यायला तयार आहेत. त्यांना हो म्हण. वहीत लिहून ठेव: किती वाजता, कुठल्या कुशीवर, कातडी कशी. पुढचीला वाचता येईल अशा अक्षरात.

बाबा विचारत होते, पाठ दुखते का. खरं कळव.

तुझी,
आई