मावशीचा खांदा आणि तुझा खांदा

पुणे

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर आई म्हणाली, "मावशीचा खांदा परत उघडावा लागला, आता मी माझ्या खांद्याला कुणाला हात लावू द्यायची नाही." मागून बाबा, "खांद्याचा सांधा बदलायचं ऑपरेशन दिवाळीच्या आत उरकून टाकू, डॉक्टर तारीख देताहेत." मला दोघांचंही पटलेलं नाही. फोनवर तुम्ही एकमेकांना बोलू देत नाही, तिथे माझा काय पाड लागणार? म्हणून लिहिते आहे.

आधी मावशीचं. तिला बसवलेला कृत्रिम सांधा मूळ खांद्याच्याच घडणीचा होता. दंडाच्या हाडावर धातूचा गोळा आणि पाठीवरच्या पात्यात प्लास्टिकची वाटी. गोळ्याला वाटीच्या मधोमध धरून ठेवतात चार छोटे स्नायू, ज्यांना रोटेटर कफ म्हणतात. मावशीचा कफ ऑपरेशनच्या वेळी धड होता, पुढे वयाबरोबर फाटत गेला. मग गोळा वर सरकला आणि वाटीच्या वरच्या काठावर रेटू लागला. पाटाच्या एका टोकाशी बसलं की दुसरं टोक उचलतं ना, हात वर नेताना तिच्या वाटीचं तेच होत होतं. वाटी हाडाला धरून ठेवणारं सिमेंट सुटत गेलं. शिवाय झिजलेल्या प्लास्टिकच्या कणांशी झगडताना शरीर शेजारचं स्वतःचंच हाड खातं. या प्रकारचे सांधे पुढे जाऊन बिघडतात ते बहुतेक असे, वाटी सैल होऊन. धातू सहसा शाबूत असतो.

वाटी मुळात वाकडी बसली तर हे लवकर होतं. संधिवातात पुष्कळदा वाटीचं हाड मागच्या बाजूनं जास्त झिजतं. ते किती, हे सीटी स्कॅनवर आधी मोजून, गरज पडली तर तिथे हाडाचा तुकडा लावून किंवा एका बाजूनं जाड असलेली वाटी वापरून सर्जन कोन सुधारू शकतो. मावशीच्या वेळी नुसता एक्स-रे काढला होता. मला त्याचा राग आहे, पण तो वेगळा विषय.

आई, तुझा कफ आधीच फाटलेला आहे, एमआरआयच्या रिपोर्टात स्पष्ट लिहिलंय. म्हणून तुला 'रिव्हर्स', म्हणजे उलट घडणीचा सांधा सांगितलाय. फ्रान्समधल्या पॉल ग्रामों या सर्जननं १९८५ च्या सुमारास ही उलटापालट केली. गोळा पात्यावर, वाटी दंडावर, आणि हात उचलायचं काम कफऐवजी वरच्या मोठ्या डेल्टॉइड स्नायूकडे. म्हणजे कफ फाटून वाटी डुगडुगण्याचा जो प्रकार मावशीला भोवला, तो तुझ्या बाबतीत उरतच नाही. तिलाही दुसऱ्यांदा रिव्हर्सच बसवलाय.

तुझे धोके वेगळे आहेत, आणि त्यातला इन्फेक्शनचा मला सगळ्यात मोठा वाटतो. पहिला कृत्रिम खांदा १८९३ मध्ये पॅरिसला पेआं यांनी बसवला, तोही दोनेक वर्षांनी इन्फेक्शनपायीच काढावा लागला होता. खांद्याचा जंतू लबाड असतो. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस त्याचं नाव, कातडीतल्या तेलग्रंथींत राहतो, त्यामुळे वरवर पुसून पुरता जात नाही. ना ताप, ना पू. महिनोन्‌महिने खांदा दुखत आणि आखडत राहतो. तपासणीत तो वाढायलाही इतका वेळ घेतो की लॅबला नमुना चौदा दिवस ठेवावा लागतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी काही दिवस खांद्याला बेंझॉइल पेरॉक्साइड लावायला सांगतात. हो, पोरांचं पिंपल्सचं मलमच! सत्तरीत तुला ते लावायचंय, हसू नकोस. आणि त्यानं कपड्यांचा रंग उडतो, तेव्हा चांगली साडी नको.

आता बाबा, दिवाळी का नको ते. गणपतीच्या आधी आईनं खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत सांधा बदलला तर इन्फेक्शनचा धोका वाढतो. डॉक्टरांना हे सांगितलंत का? दुसऱ्या दवाखान्यात घेतलं होतं, त्यांना ठाऊक नसणार. तेवढ्या वेळात शुगर आटोक्यात येईल, दात दाखवून होतील, हाडांची घनता मोजून होईल. हाडं ठिसूळ असली तर रिव्हर्सनंतर खांद्याच्या टोकाच्या हाडाला ताणानं तडा जाऊ शकतो, त्यावरची औषधं आधीच सुरू केलेली बरी. तारीख उत्तरायणनंतरची घ्या. गच्चीवर पतंग नि घरात पेशंट, हे तसंही तुमच्यानं झालं नसतं.

दुसरा धोका सांधा निखळण्याचा. गोळ्याचं माप आणि डेल्टॉइडचा ताण नेमका ठेवणं सर्जनच्या हातात, पण पहिले तीन महिने आईच्याही हातात. हात मागे नेऊन त्यावर भार द्यायचा नाही. झोपाळ्यावरून उठताना तू मागे फळीवर हात टेकून उठतेस ना, नेमकं तेच. माझ्याकडे फिजिओला येणाऱ्यांना मी खुर्चीपासून शिकवते, तुझं झोपाळ्यापासून सुरू करू. खरं तर तो तेवढे दिवस काढूनच ठेवा.

बाबा, पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा, वर्षाला किती रिव्हर्स करतात. सीटीवर आखणी करणार का, आणि गोळा ज्यावर बसतो ती पात्यावरची प्लेट खालच्या कडेला बसवणार का, तेही. वर बसली तर वाटी पात्याच्या हाडाला घासते. चांगला सर्जन अशा प्रश्नांवर चिडत नाही. "ते आमच्यावर सोडा" असं उत्तर आलं तर दुसऱ्याचं मत घेऊ. आई, दहा वर्षांनीही दहातले नऊच्या आसपास खांदे जागेवर असतात, हेही त्यांच्याच तोंडून ऐक, माझ्यावर तुझा विश्वास नाही.

स्लिंगच्या दिवसांत मी बडोद्याला येऊन राहीन, रजा टाकली आहे. मंगळबाजारातून कापड आणून पुढून उघडणारे सैल ब्लाऊज शिवायला टाक. साधेच, रंग उडला तरी चालतील असे.

तुमची,
मीनल