जर्मनीतील हेर्नहूटहून आई-पपांना

तीर्थरूप आई आणि पपा यांस,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

तुमचे पत्र मिळाले. माझी प्रकृती उत्तम आहे, जेवण वेळेवर होते आणि गरम कपडे पुरेसे आहेत. आईने आणखी स्वेटर विणायला घेऊ नये. वृद्धाश्रमातले काम तुम्हाला ठाऊकच आहे.

येथील एक रीत मात्र सविस्तर लिहिते, कारण पपांना ती फोनवर पटली नव्हती. येथील मंडळीत विशेष दिवशी प्रीतिभोजन असते. उपासना चालू असतानाच बाकांच्या रांगांतून गोड पाव आणि चहा फिरतो, आणि लोक गीते गात, शेजाऱ्याशी बोलत खातात-पितात. पपा, हा प्रभुभोजनाचा पवित्र विधी नव्हे आणि चेष्टाही नव्हे. आजच्या चेक देशातील मोरावियातून धर्मछळामुळे पळालेली माणसे १७२२ पासून येथे काउंट त्सिन्त्सेन्डॉर्फ या सरदारांच्या जमिनीवर राहू लागली. पण मतभेदांवरून त्यांच्यात फार भांडणे झाली. १३ ऑगस्ट १७२७ रोजी शेजारच्या बेर्टेल्सडॉर्फ गावी प्रभुभोजन घेताना ख्रिस्ताच्या प्रीतीने त्यांची मने अशी भरून आली की जुनी वैरे मिटली. नंतरही कोणाला एकमेकांपासून उठावेसे वाटेना, तेव्हा काउंटने आपल्या घरून जेवण पाठवले. तीच ही प्रथा. पुढे १७३२ मध्ये याच मंडळीतला एक कुंभार आणि एक सुतार कॅरिबियनमधील सेंट थॉमस बेटावरील गुलामांकडे सुवार्ता घेऊन निघाले. ज्यांचे शेजाऱ्याशी पटत नव्हते, त्यांच्यातली माणसे समुद्रापलीकडच्या अनोळखी लोकांसाठी घर सोडतात, हे निव्वळ चांगुलपणाने होत नाही. आधी मिळाले, मग दिले. बायबलमधील योहानाच्या पहिल्या पत्रातही हाच क्रम आहे: देवाने आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण प्रीती करतो.

आई, तू विचारलेस की स्वतःचे आई-वडील सोडून परक्यांचे करायला इतकी माया कुठून आणतेस. प्रश्न टोचला, तरी उत्तर देते. पगारासाठी अंघोळ आणि औषधे वेळेवर देता येतात, माया देता येत नाही. एक आजोबा रोज माझा हात झिडकारतात, आणि माझा स्वभाव तुला माहीतच आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणून कामावर जाण्यापूर्वी मी येथील मंडळीने चिठ्ठीने काढलेले त्या दिवसाचे बायबलमधले वचन वाचते आणि थोडा वेळ नुसती बसते. मी काही करण्याआधीच देवाने मला आपले म्हटले आहे, एवढे मनात मुरू देते. मग आजोबांनी माझे कौतुक करावे अशी गरज उरत नाही, आणि गरज उरली नाही की त्यांचा रागही झेलता येतो. काही दिवशी तेही जमत नाही. तेव्हा निदान अंघोळ नीट होते.

पपांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे या आठवड्यात खात्यात जमा होतील. छपराच्या पत्र्यांचे वेगळे पाठवते, त्यातून काटकसर करू नका. रुग्णालयात रात्री वहिनी थांबणार असे दादाने कळवले. ते खरे तर माझे काम होते. पुण्याच्या स्थळाला कृपया नकार कळवा. मुलगा सज्जन असेल, पण लग्नानंतर नोकरी सोडण्याची अट मला मान्य नाही. पाळकसाहेबांनी ते आणले आहे, म्हणून त्यांना पपांनी स्वतः भेटून सांगावे. नाताळला येता येणार नाही. लहान मुले असलेल्या सहकाऱ्यांना रजा आधी मिळावी असे मीच म्हटले. ईस्टरनंतर नक्की येते. आई, फोनवर यावरून रडू नकोस.

तुमची आज्ञाधारक कन्या